जुन्या जीपच्या दरवाजाची खिडकी-फ्रेम : गाडीचे नाव नको, बॉडीचे माप घ्या

जुन्या जीपचे इंजिन दुरुस्त करणारे बरेच भेटतात. पत्रा ठोकणारेही भेटतात. पण दरवाजाच्या वरच्या भागातील खिडकीची फ्रेम नेमकी कोणत्या जातीची आहे, तिच्या जागी दुसरी कशी शोधायची आणि ती कशी बसवायची, हे नीट सांगणारा माणूस शोधावा लागतो. काम दिसायला लहान आहे. परंतु याच लहान कामात गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात सर्वांत जास्त तंटे होतात. फ्रेम अर्धा इंच कमी पडली की दरवाजा लागत नाही. दरवाजा लागला तर पाणी आत येते. पाणी थांबवायला रबर कोंबले तर काच सरकत नाही. शेवटी मजुरी अडकते आणि दोन्हीकडची मने खट्टू होतात.

आम्ही धंद्याने कापडवाले. कॅनव्हास, ताडपत्री, रेक्झिन आणि फेल्ट यांच्या निमित्ताने वसई-विरार भागातील हुडवाले, कुशनवाले, वेल्डर आणि डेंटर यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. वसई पूर्वेचा वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर हा पट्टा आणि महामार्गावरील पेल्हारपर्यंतची दुकाने पाहिली तर लोखंड, काच आणि कापड या तिन्ही कामांचे हात येथे हाकेच्या अंतरावर आहेत. जुन्या जीपच्या खिडकीला हेच तीन हात लागतात. "हुड गळतो" म्हणून आमच्याकडे तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा दोष कापडात नसून खालच्या फ्रेममध्ये निघतो. म्हणून या विषयावर चार गोष्टी सविस्तर लिहिणे आम्हांस उपयोगाचे वाटते.

गाडी आली कोठून?

आपल्या भागात जिला सरसकट 'जीप' म्हणतात तिचा इतिहास मुंबईशी बांधलेला आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने एक पेढी सुरू झाली. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. पेढीचा मूळ व्यापार पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून माझगाव येथे त्या जोडण्याचे काम सुरू झाले. पुढे सीजे ३ बी, एमएम ५४०, आर्मडा (१९९३), बोलेरो (२०००) आणि थार (२०१०) अशी पिढ्यांची रांग लागली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जुन्या पिढीच्या बहुतेक जीप उघड्या किंवा हुडच्या होत्या. पक्के दरवाजे, लोखंडी छप्पर आणि काचेच्या खिडक्या पुष्कळ गाड्यांवर नंतर, गावोगावच्या कारखान्यांत चढल्या. काही जीप लष्कराच्या लिलावातून आल्या आणि खाजगी मालकांकडे जाताना त्यांचे रूप बदलले. हरियाणातील मंडी डबवाली तर जीपची बॉडी नव्याने बांधण्यासाठीच ओळखली जाते. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन जीप शेजारी उभ्या केल्या तरी त्यांच्या खिडक्या एकमेकींना बसतीलच असे नाही. "एमएम ५४० ची फ्रेम द्या" एवढे सांगून माल मागवणे म्हणजे माणसाचे नाव सांगून शेरवानी शिवायला टाकण्यासारखे आहे.

फ्रेमच्या तीन जाती

पहिली जात हुडाच्या दरवाजाची. लोखंडी सळई किंवा बारीक पाइप वाकवून सांगाडा केलेला असतो, त्यावर कॅनव्हास किंवा रेक्झिन चढवलेले असते आणि मध्ये पारदर्शक पीव्हीसीची खिडकी शिवलेली असते. हा दरवाजा बॉडीवरील भोकांत पिना टाकून उभा राहतो. येथे लोखंडाचा आकार बिघडला की कापडाला सुरकुती पडते आणि शिलाईवर ताण येतो.

दुसरी जात अर्ध्या दरवाजाची. खालचा भाग पत्र्याचा व कायमचा. वरची खिडकी-फ्रेम वेगळी, बोल्ट काढून उचलता येणारी. तिच्या खालच्या पट्टीला स्टड असतात, ते दरवाजाच्या वरच्या काठातील भोकांत उतरतात आणि आतून नट लागतात. या जातीचा स्वच्छ नमुना पाहायचा तर इंग्लंडची जुनी लँड रोव्हर पाहावी. एप्रिल १९४८ मध्ये ती ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिच्या सीरिज गाड्यांना वरची फ्रेम अशीच बोल्टने बसते आणि काच आडवी सरकते. आपल्याकडे ही गाडी तुरळक दिसते, पण तिच्यापासून शिकण्यासारखे आहे. त्याविषयी गंजाच्या भागात सांगू.

तिसरी जात अखंड दरवाजाची. खालचा पत्रा आणि खिडकीची चौकट एकाच सांगाड्यात जोडलेली. हार्डटॉप चढवलेल्या जीपला बहुधा हीच असते. येथे फ्रेम 'बदलणे' म्हणजे कापून नवीन वेल्ड करणे होय. मजुरी जास्त, जोखीमही जास्त.

गिऱ्हाईक फोनवर "खिडकी" एवढेच म्हणतो. त्याच्या गाडीची जात कोणती, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मिळेपर्यंत भाव सांगू नये.

ओळख पटवताना काय पाहावे?

इंजिनवरून बॉडी ओळखण्याचा मोह टाळावा. पेट्रोलच्या जुन्या जीपला नंतर डिझेल इंजिन बसवण्याची आपल्याकडे रीत होती. बोनेटवरचे नाव आणि पुढची जाळीही बदललेली असू शकते. नोंदणी पुस्तक आणि चॅसिस क्रमांक पाहावा. त्यावरून चॅसिस कोणती हे कळते. बॉडी मात्र डोळ्यांनी आणि टेपनेच ओळखावी लागते.

प्रथम पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर मोजावे. सीजे ३ बी चे ते ८० इंच आहे, तर एमएम ५४० चे ९१ इंच. त्यानंतर काउल पाहावे. काउल म्हणजे पुढच्या काचेखालचा पत्र्याचा भाग. सीजे ३ बी अमेरिकेत १९५३ मध्ये आली तेव्हा तिचे नवे इंजिन उंच होते, म्हणून बोनेट आणि काउल वर उचलावे लागले आणि पुढची काच उंचीला कमी झाली. युद्धकाळातील विलीजचे बोनेट त्यामानाने बुटके. या दोन गाड्या लांबून सख्ख्या बहिणी वाटतात. पण एकीच्या दरवाजाची फ्रेम दुसरीवर ठेवली की पुढचा कोपरा लगेच चुगली करतो.

तिसरी खूण दरवाजाच्या तोंडाची. बॉडीत चढण्या-उतरण्यासाठी जो कापलेला भाग असतो, त्याचा खालचा कोपरा गोल आहे की काटकोनी, काठाला दुमड आहे की पट्टी जोडलेली आहे, ते पाहावे. वेल्डिंगचे डाग, पुट्टीची जाड थर आणि असमान रेघा दिसल्या तर बॉडी हाताने बांधलेली आहे असे समजावे. चौथी खूण बिजागरीची : बाहेरची की आतली, दोन की तीन, पिन निघते की नाही.

शेवटी डावा आणि उजवा दरवाजा वेगवेगळा मोजावा. एका बाजूने ठोकर खाल्लेल्या गाडीत दोन्ही बाजूंत पाव-अर्धा इंच फरक पडणे नवलाचे नाही. एका बाजूचे माप उलटून दुसऱ्या बाजूला वापरणे हा दुकानातील नेहमीचा शॉर्टकट आहे, आणि नेहमीच्या भांडणाचे मूळही.

माप कसे घ्यावे?

माप घेण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करावी. चाकांत हवा सारखी असावी. दरवाजाचे मोकळे टोक धरून वर उचलून पाहावे. दरवाजा खडखडला तर बिजागरीची पिन झिजली आहे. आधी पिन बदलावी. झोपलेल्या दरवाजावर घेतलेले माप झोपलेलेच येते.

जीपची पुढची काच बोनेटवर आडवी होणारी असते, हेही विसरू नये. तिचे खालचे रबर दबले असेल किंवा बाजूचे क्लॅम्प सैल असतील तर काचेचा कल बदलतो. खिडकी-फ्रेमची पुढची काठी याच कलाला समांतर चालते. म्हणून काचेची चौकट आधी पक्की आवळावी, मग टेप लावावी.

त्यानंतर सात मापे कागदावर लिहावीत :

१. दरवाजाच्या वरच्या काठाची लांबी.
२. पुढच्या काठीची लांबी, तिच्या कलावरूनच मोजलेली.
३. मागच्या काठीची लांबी.
४. वरच्या पट्टीची लांबी.
५. पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून मागच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण.
६. दुसरा कर्ण.
७. स्टड किंवा पिनांच्या भोकांमधील अंतर, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत.

घराच्या खिडकीचे दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे ती गुनियात आहे असे आपण मानतो. जीपच्या फ्रेमला पुढे कल असल्याने कर्ण सारखे येणारच नाहीत. म्हणून दोन्ही लिहून ठेवावे लागतात. बाकीची मापे जुळली आणि कर्ण चुकला तर फ्रेम तिरकी झाली आहे हे नक्की.

मापांबरोबर फर्माही करावा. फर्मा पातळ प्लायचा, हार्डबोर्डचा किंवा जाड पुठ्ठ्याचा असावा. कापडाचा कदापि करू नये. हे आम्ही कापडवाले म्हणून सांगतो. उभ्या-आडव्या धाग्यावर कापड आपले माप पाळते, पण तिरके ओढले की ताणते आणि जीपचा तो पुढचा कल नेमका तिरकाच असतो. फर्म्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, 'डावा' किंवा 'उजवा', आणि कोणती बाजू बाहेरची हे लिहावे. सहा महिन्यांनी तीच गाडी परत आली तर हा पुठ्ठा एका दिवसाची मजुरी वाचवतो.

जुनी किंवा तयार फ्रेम घेताना

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर, मुंबईच्या चोर बाजारात आणि महामार्गालगतच्या भंगारवाल्यांकडे जुन्या फ्रेमा मिळू शकतात. तेथे जाताना फर्मा बरोबर न्यावा, तोंडी वर्णन नेऊ नये. फ्रेम सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. एक कोपरा उठत असेल तर पीळ आहे. लहानसे लोहचुंबक सगळीकडे फिरवावे. जेथे ते नीट चिकटत नाही तेथे रंगाखाली पुट्टी जाड आहे. खालच्या पट्टीची खोबण टोकदार हत्याराने खरवडून पाहावी, कारण पाणी तेथेच साचते आणि गंज तेथूनच सुरू होतो. वरची पट्टी चांगली आणि खालची सडलेली असेल तर खालची तेवढी बदलता येते, मात्र तो खर्च भावातून वजा धरूनच सौदा करावा.

आमच्या पाहण्यातील एक प्रकरण येथे सांगतो. वसईकडील एका शेतमालकाने आपल्या जीपसाठी दरवाजांची तयार जोडी फोनवरून, फक्त मॉडेलचे नाव सांगून, बाहेरगावाहून मागवली. गाडीची बॉडी पूर्वीच एकदा नव्याने बांधलेली होती. फ्रेम पुढच्या बाजूला जवळजवळ एक इंच कमी पडली. विक्रेता म्हणाला, मी सांगितलेल्या मॉडेलचाच माल दिला. फिटर म्हणाला, मी आणलेली वस्तू बसवली. मालक म्हणाला, पैसे माझे गेले. तिघेही आपापल्या जागी खरे होते. फ्रेम कापून, पट्टी जोडून बसवली. पहिल्याच पावसात त्या जोडातून पाणी आले आणि फिटरची उरलेली मजुरी थकली. ती जोडी मागवण्यापूर्वी कोणी दहा मिनिटे टेप लावली असती तर हे काहीच घडले नसते.

बसवण्याचा क्रम

आधी खालचा दरवाजा बसवावा आणि त्याच्या सर्व बाजूंची फट सारखी करावी. मग फ्रेम ठेवून नट हातानेच लावावेत, पान्याने आवळू नयेत. दरवाजा हळू बंद करून पुढची काठी काचेच्या चौकटीला आणि मागची काठी बॉडीला किती अंतरावर आहे ते पाहावे. रबरासाठी सर्वत्र चार-पाच मिलिमीटर जागा सारखी मिळाली पाहिजे. फरक असेल तर स्टडखाली वॉशर घालून किंवा भोक किंचित लांबट करून जुळवून घ्यावे. हातोडी हे शेवटचे साधन, पहिले नव्हे.

जागा जुळली की रबर लावावे आणि कागदाच्या पट्टीने परीक्षा करावी. पट्टी रबरावर ठेवून दरवाजा लावावा व पट्टी ओढावी. सहज निघाली तर तेथे रबर पकडत नाही. अशी दर चार-सहा इंचांवर परीक्षा केली की गळतीची जागा पावसाआधीच कळते. त्यानंतर नट एकआड एक, थोडे थोडे आवळावेत. सर्वांत शेवटी पाण्याची नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी. वरूनच पाणी सोडले तर ते नेमके कोठून शिरले हे समजत नाही.

रंग या सगळ्यानंतर. रंगवलेली फ्रेम घासून बसवणे म्हणजे दोनदा रंगाचा खर्च.

काच, फेल्ट आणि हुडाची खिडकी

काच नेहमी फ्रेम तयार झाल्यावर मागवावी. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. प्रयत्न केला तर तिचा चुरा होतो. म्हणून काचेच्याच जाडीचा प्लाय कापून तो चॅनेलमध्ये आधी सरकवून पाहावा. तो अडखळला नाही तरच त्या मापाची काच सांगावी. लॅमिनेटेड काच सपाट असेल तर नंतरही कापता येते, पण तिच्या कडा उघड्या राहिल्या तर ओल आत शिरते आणि काठाला दुधाळ डाग येतात. आपल्या दमट हवेत कड बंद करणे आवश्यक आहे. घरच्या खिडकीची साधी काच गाडीला लावू नये. ती फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात, आणि बसणाऱ्याचा गळा त्या तुकड्यांच्या उंचीवरच असतो. वाहनाच्या सुरक्षित काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. काचेवरील शिक्का पाहून घ्यावा.

सरकत्या काचेच्या चॅनेलमध्ये फेल्ट असतो. स्वस्त फेल्ट पाणी पितो, फुगतो, आणि लोखंडाला महिनोन् महिने ओले ठेवतो. चॅनेलच्या तळाला पाणी निघायला लहान भोके ठेवावीत आणि फेल्टने ती बुजवू नयेत.

हुडाच्या दरवाजात पीव्हीसी शिवताना टाके फार जवळ घेऊ नयेत. जवळ टाक्यांनी पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रेघ तयार होते आणि ओढ बसताच शीट त्या रेघेवर फाटते. सुती कॅनव्हास पाणी लागले की फुगतो व सुईची भोके आपोआप काही अंशी बुजतात. पॉलिएस्टर कापड तसे करत नाही, त्याची शिलाई वेगळ्या द्रावाने किंवा टेपने बंद करावी लागते. उलट सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात आकसतो. तो भिजवून, वाळवून मगच बेतावा. नाहीतर जूनमध्ये घट्ट बसलेला दरवाजा जुलैत पिनांतून निघू पाहतो. धागा मात्र पॉलिएस्टरचाच असावा. सुती धागा ओलीने कुजतो. पीव्हीसीची खिडकी दुमडू नये, गुंडाळावी. पुसण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवावी, कोरडी धूळ पुसली की ओरखडे पडतात. पेट्रोल आणि थिनर तिला लावू नये.

वेल्डिंग : येथे जीव जातो

जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. म्हणजे ड्रायव्हरच्या दरवाजावर वेल्डिंगची ठिणगी उडाली तर ती टाकीपासून हात-दीड हातावर पडते. "टाकी रिकामी आहे" हे उत्तर पुरेसे नाही. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

आमचा आग्रह असा : गाडीवर जास्तीत जास्त खुणा कराव्यात, फ्रेम उतरवून बाकावर टॅक मारावा, परत लावून पाहावी आणि पक्के वेल्डिंग बाकावरच करावे. अखंड दरवाजा असेल तर बिजागरीची पिन काढून पूर्ण दरवाजाच उतरवावा. गाडीवर काम करणे अटळच असेल तर टाकी काढून दूर ठेवावी आणि बॅटरीची वायर सोडावी. शागीर्द मुलांना हा नियम पहिल्या दिवशी शिकवावा. घाईचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले तरी चालेल.

गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा वेल्ड करायचा असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा आणि उघड्या हवेत काम करावे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. पुष्कळ वेल्डर याला साधा ताप समजतात. तोंडावर फडके बांधून तो धूर थांबत नाही, त्यासाठी योग्य मास्क लागतो.

खाऱ्या हवेचा हिशेब

वसईला समुद्र आहे, खाडी आहे, मिठागरे आहेत, आणि चार महिने मुसळधार पाऊस आहे. येथील फ्रेम देशावरील फ्रेमपेक्षा लवकर गंजते, हे गृहीत धरूनच काम करावे. बंद पाइपच्या आत रंग पोहोचत नाही, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. पाइपची तोंडे बंद करण्याआधी आत गंजरोधक तेल किंवा मेण सोडावे आणि तळाला निचरा ठेवावा. वेल्डिंगचा जोड घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा. उघडे लोखंड रात्रभर ठेवले तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते, आणि तिच्यावर मारलेला रंग टिकत नाही.

आता लँड रोव्हरचा धडा. तिच्या दरवाजाचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि सांगाडा पोलादाचा असतो. हे दोन धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झिजू लागते. आपल्याकडेही हलकेपणासाठी लोखंडी दरवाजावर ॲल्युमिनियमचे चॅनेल बसवण्याची पद्धत दिसते. तसे करायचे तर दोन्हींच्या मध्ये रबर किंवा रंगाचा जाड थर हवा, आणि स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर.

कागद आणि कायदा

मूळ जातीचीच फ्रेम बदलणे ही दुरुस्ती आहे. हुडाच्या जीपला लोखंडी छप्पर आणि पक्के दरवाजे चढवणे हा बदल आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांवर बंधन घालते. नोंदणी पुस्तकात बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे ते काम घेण्यापूर्वी पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. मालकाची अडचण तेथे उघडी पडते आणि बोट कारागिराकडे वळते. काचेतून प्रकाश किती आरपार जावा यालाही १९८९ च्या केंद्रीय नियमांत मर्यादा आहे : पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मविरुद्ध कडक आदेश दिले होते. गिऱ्हाईकाने गडद काच मागितली तर हे सांगावे.

हौशी मालकांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरवली आणि गाडीच्या मूळ रूपाची अट घातली. अशा गाडीची जुनी फ्रेम सडकी दिसली तरी भंगारात टाकू नये. तिचा एक कोपरा, एक स्टड, मूळ पट्टीची जाडी हाच नव्या फ्रेमचा पुरावा आणि नमुना असतो. तो मालकाला परत द्यावा.

भाव आणि पावती

भाव 'एका खिडकीचा' असा तोंडी सांगू नये. समजा खिडकी २४ इंच रुंद आणि १६ इंच उंच आहे. तिचा घेर ८० इंच झाला, दोन खिडक्यांचा १६० इंच, म्हणजे १३ फूट ४ इंच. पुढच्या कलामुळे आणि कापातील नुकसानीमुळे त्यावर थोडा माल जास्त लागतो. पाइप, चॅनेल, फेल्ट आणि रबर या चारही वस्तू याच हिशेबाने मोजता येतात. त्यावर काच, वेल्डिंग, रंग आणि बसवण्याची मजुरी वेगवेगळी लिहावी. गिऱ्हाईकाला हिशेब दिसला की घासाघीस कमी होते.

पावतीवर सातही मापे, डावा-उजवा, काचेचा प्रकार आणि जाडी, तसेच जुना माल कोणाकडे राहणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बयाणा त्यानंतर. कापडाच्या धंद्यात आम्ही ताका उलगडून, गिऱ्हाईकासमोर मोजून मगच कात्री लावतो. कात्री लागल्यावर कापड परत होत नाही. कापलेला पाइपही परत होत नाही.

जुन्या जीपचे मालक एकमेकांना ओळखतात आणि चांगला कारागीर सापडला की त्याचे नाव आपोआप पुढे जाते. ज्या दुकानात फर्मे भिंतीला टांगलेले आहेत आणि मापांची वही गल्ल्याशेजारी आहे, तेथे दुसरे गिऱ्हाईक पहिल्याच्या शिफारशीने येते. लोखंड, काच आणि कापड ही तिन्ही कामे करणारी माणसे वसई-विरारमध्ये आहेत. तिघांनी एकाच फर्म्यावर काम केले तर या भागातील जीपला खिडकीसाठी बाहेरगावची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.